बोट कोठें ठेवावें?

गेल्या पितृपंधरवड्यांतील गोष्ट. पुण्याच्या एका ग्रंथविक्रेत्यास आम्हांस १,८६० रुपये पाठवावयाचे होते. पूर्वीं असतें तर मनिऑर्डरीचा कागद भरून आम्ही यवतमाळच्या डाकघरांत रांगेस उभे राहिलों असतों. हल्लीं नातवंडांच्या आग्रहावरून आमच्या मोबाईलमध्यें एका बँकेचें ॲप आलें आहे. आम्हीं रक्कम लिहिली, गुप्त आंकडे भरले आणि निळें बटण दाबलें. पडद्यावर एक वाटोळें चक्र फिरूं लागलें व फिरतच राहिलें. पैसे गेले, जात आहेत, कीं गेलेच नाहींत, याचा एका अक्षरानेंहि खुलासा नव्हता. थोडा वेळ वाट पाहून आम्ही मागें आलों, सर्व विधि पहिल्यापासून केला व बटण पुनः दाबलें. सायंकाळीं कळलें कीं रक्कम दोनदां गेली होती.

ग्रंथविक्रेता सज्जन निघाला. त्यानें जादा रक्कम दुसऱ्याच दिवशीं परत केली. नुकसान झालें तें निराळेंच. ज्या मनुष्यानें ३६ वर्षें मुलांस "आधीं प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" असें बजावलें, त्याला आतां नातू तेंच वाक्य हंसत हंसत ऐकवूं लागला. आम्हीहि मनांत कबूल करून बसलों कीं चूक आपलीच. वय झालें, हें यंत्र आपल्यासाठीं नव्हे. त्या वेळीं आमच्या धाकट्या सूनबाई घरीं आल्या होत्या. त्या पुण्यास एका कचेरींत संकेतस्थळांची व ॲपांची मांडणी ठरविण्याचें काम करतात. त्यांनीं सर्व हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मामंजी, चूक तुमची नाहीं. चूक त्या पडद्याची आहे."

सुनेनें सासऱ्याची लाज राखली, इतकाच अर्थ आम्हीं त्या वेळीं घेतला. पण घरांत दुसरेंहि एक उदाहरण होतें. आमच्या काकू ८३ वर्षांच्या आहेत. काकांच्या पश्चात् त्यांस कुटुंब-निवृत्तिवेतन मिळतें. पायांत बळ होतें तोंवर त्या दर महिन्यास स्वतः बँकेंत जात, मराठींत सही करीत व पासबुक आपल्या ट्रंकेंत ठेवीत. त्या पैशाचा हिशेब त्यांस व देवासच ठाऊक असे. कामवाल्या बाईंच्या मुलीची फी, माहेरवाशिणीच्या हातावर ठेवलेली एखादी नोट, असलें त्यांचें देणें या कानाचें त्या कानास कळत नसे. गुडघ्यांनीं दगा दिला, व्यवहार मोबाईलवर आला आणि "माझ्या खात्यांत किती आहेत रे?" असें नातवास विचारल्यावांचून त्यांस स्वतःची शिल्लक कळेनाशी झाली. त्यांचे गुप्त आंकडे घरांतल्या तीन मुलांस तोंडपाठ. पैशास कोणीं हात लावला नाहीं. घर तसें नाहीं. तथापि काकूंचें गुप्त देणें बंद पडलें. बटणाच्या मांडणीचा प्रश्न घरांतील वडील माणसाच्या मानाशीं कसा जाऊन भिडतो, हें आम्हांस तेथें प्रथम दिसलें, आणि मग सूनबाईंच्या विद्येची आम्हीं मनापासून चौकशी केली. ती वाचकांपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

त्यांनीं सांगितलेली पहिली कथा अमेरिकेंतील आहे. २८ मार्च १९७९ रोजीं पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील थ्री माईल आयलंड या अणुवीजकेंद्रांत बिघाड झाला. एक झडप उघडी अडकून राहिली व तिच्यावाटे अणुभट्टीस थंड ठेवणारें पाणी निघून जाऊं लागलें. नियंत्रणकक्षांतील दिवा मात्र झडप मिटल्यासारखी खूण दाखवीत होता. कारण तो दिवा झडपेची खरी स्थिति सांगतच नव्हता. 'मिटण्याचा हुकूम पाठविला आहे' एवढेंच सांगत होता. चालकांनीं त्यावर विश्वास ठेवला. दोन तासांहून अधिक वेळ पाणी वाहत राहिलें आणि भट्टीचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला. हुकूम सुटला म्हणजे काम झालें असें नव्हे. पण पाहणाऱ्यास हा भेद यंत्रानें दाखविला पाहिजे. आमच्या फिरत्या चक्रानेंहि हाच भेद लपविला होता.

त्या नियंत्रणकक्षाचा अभ्यास करणारांत डोनाल्ड नॉर्मन नांवाचे मानसशास्त्रज्ञ होते. दारें, नळ, शेगड्या, टेलिफोन अशा रोजच्या वस्तूंवर त्यांनीं १९८८ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दार ढकलावयाचें कीं ओढावयाचें हें जर पाटी लावून सांगावें लागत असेल, तर दोष दाराच्या घडणींत आहे, हा त्याचा इत्यर्थ. १९९३ सालीं ते ॲपल कंपनींत गेले व तेथें त्यांच्या पदाच्या नांवांतच 'वापरणाराचा अनुभव' हे शब्द आले. आज 'यूएक्स' या दोन अक्षरांनीं ओळखली जाणारी विद्या ती हीच. पडद्यावर जें दिसतें व ज्यास बोट लागतें त्या दर्शनी भागास 'इंटरफेस' म्हणतात. आणि तो हाताळतांना मनुष्याची जी सोय वा गैरसोय होते तो अनुभव.

हें ऐकत असतां आम्हांस आमच्या पाठशाळेंतील जुना धडा आठवला. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहां'त वाक्याचा अर्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधि हीं तीन कारणें सांगितलीं आहेत. 'गाय, घोडा, पुरुष, हत्ती' असें कोणी म्हणाला, तर शब्दांस परस्परांची अपेक्षा नाहीं. अर्थ लागत नाहीं. 'विस्तवानें शिंपतो' म्हटलें, तर शब्द जुळतात पण वस्तु जुळत नाहींत, योग्यता नाहीं. एक शब्द आतां उच्चारला व दुसरा प्रहरानें, तर संनिधि नाहीं. आमच्या मतें पडदा हेंहि एक वाक्यच होय, आणि त्यास हीं तिन्ही लक्षणें जशींच्या तशीं लागूं पडतात.

बटण दाबलें कीं उत्तराची अपेक्षा उत्पन्न होते. ती पुरी करणें ही आकांक्षा. दुकानदार पैसे मोजून घेतो व "पोंचले" म्हणतो, तेव्हां व्यवहाराचें वाक्य पूर्ण होतें. पडद्यानेंहि 'पैसे पोंचले', 'पोंचले नाहींत' अथवा 'अद्याप चौकशी चालूं आहे, पुन्हा पाठवूं नका' यांपैकीं एक कांहीं म्हटलेंच पाहिजे. योग्यतेचा भंग तर आम्हीं स्वतः पाहिला. व्यवहार रद्द करूं गेलों असतां एका पडद्यावर प्रश्न आला, 'व्यवहार रद्द करावयाचा काय?' आणि खालीं दोन बटणें, 'होय' व 'रद्द करा'. आतां रद्द करणें रद्द करावयाचें कीं व्यवहार रद्द करावयाचा? नैयायिकालाहि घाम फुटावा असा हा प्रश्न. संनिधीचें उदाहरण प्रत्येकानें पाहिलें असेल. चूक वरच्या रकान्यांत झालेली असते व तिची तांबडी सूचना पार तळाशीं, बोटानें चार वेळां पडदा सरकविल्यावर सांपडते.

याच मालिकेंत एक मोजमापाचा नियमहि आहे. पॉल फिट्स यांनीं १९५४ सालीं असें दाखविलें कीं हात एखाद्या लक्ष्यापर्यंत नेण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर व आकारावर अवलंबून असतो. लक्ष्य लहान व दूर, तर वेळ अधिक. थरथरत्या बोटास एवढेंसें बटण देणें म्हणजे मोतीबिंदूच्या रोग्याकडून सुईंत दोरा ओंवून घेणें होय. अक्षरांचेंहि तसेंच. संकेतस्थळांच्या सुलभतेविषयीं जीं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वें आहेत, त्यांत साधारण आकाराचीं अक्षरें व त्यांची पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ ला १ असावें असें सांगितलें आहे. पांढऱ्यावर फिकट करडीं अक्षरें तरुण डोळ्यांस सुंदर दिसतात. आमच्या डोळ्यांस तीं दिसतच नाहींत.

आमच्या जिल्ह्यांत ही विद्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोंचली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर 'ई-पीक पाहणी' सुरूं झाली. पूर्वीं सातबाऱ्यावर पिकाची नोंद पटवारी करीत. या योजनेनें शेतकऱ्यानेंच मोबाईल घेऊन शेतांत उभें राहावें, गट क्रमांक निवडावा, पीक, क्षेत्र व पेरणीची तारीख भरावी आणि पिकाचा फोटो काढावा, असें ठरलें. नोंद कोठें झाली हें फोटोबरोबरच्या अक्षांश-रेखांशांवरून कळतें. पीक विमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची खरेदी या सर्वांस ती नोंद लागते. म्हणजे कपाशी, तूर व सोयाबीन यांवर जगणाऱ्या यवतमाळच्या शेतकऱ्याचें वर्ष त्या पडद्याशीं बांधलें गेलें.

कल्पना उत्तम आहे, हें आम्ही आधीं सांगतों. आपल्या शिवारांत काय पेरलें हें ज्यानें पेरलें त्यानेंच सांगावें, यांत शेतकऱ्याचा मान आहे. तथापि मांडणी करणाऱ्यापुढील अडचणीहि पाहाव्या. आमचा शेतकरी एकरांत विचार करतो. सातबारा हेक्टर व आर यांत बोलतो. १ हेक्टर म्हणजे १०० आर. १ एकर म्हणजे सुमारें ४० आर. 'पांच एकर' मनांत धरून चालणाऱ्यास २ हेक्टर २ आर लिहावें लागतें, आणि आंकड्याची एक जागा चुकली कीं क्षेत्र दहापट होतें. झरी-जामणी, मारेगांव, केळापूर या भागांतील कोलाम पोडांत मराठी ही घरची भाषा नाहीं. कोलामी, गोंडी व बंजारा बोली बोलणारे पुष्कळ आहेत. टेकडीआड मोबाईलची रेंज येते नि जाते. दारव्हा तालुक्यांतील एक ओळखीचा शेतकरी आमच्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, फोटो त काढला म्या, पर थो गेला का नाई गेला, हे काई समजे ना." थ्री माईल आयलंडच्या चालकांस जें विचारतां आलें नाहीं, तें या मनुष्यानें एका वाक्यांत विचारलें! गांवांतील नोंदी त्याच ॲपांत पाहतां येतात. तेथें त्याचें नांव व पीक दाखवितांच त्याचा चेहरा उजळला. २०२२ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत केलेली नोंद ४८ तासांच्या आंत स्वतः दुरुस्त करण्याची सोयहि आली. चूक होणारच हें धरून चालणें व ती सुधारण्यास वाट ठेवणें, हें चांगल्या मांडणीचें मोठें लक्षण आहे. शाळेंत आम्ही पाटी व खोडरबर यासाठींच देत असूं.

लिहितां-वाचतां न येणाऱ्यासाठीं मांडणी करणें अशक्य आहे काय? या देशानें त्याचें उत्तर पूर्वींच दिलें आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी निराळी ठेवून तिच्यावर त्याचें चिन्ह लाविलें होतें. मतदारानें कांहीं लिहावयाचें नव्हतें; चिन्ह ओळखून त्या पेटींत कागद टाकावयाचा, एवढेंच. पुढें मतदानयंत्र आलें. १९८२ सालीं केरळांतील परवूर येथें त्याचा पहिला प्रयोग झाला व २००४ च्या लोकसभा निवडणुकींत तें देशभर वापरलें गेलें. त्याच्या बाह्य घडणींत मुंबईस पवई येथील आयआयटीच्या औद्योगिक आरेखन केंद्रांतील अध्यापकांचा हात होता. हें केंद्र १९६९ पासूनचें. यंत्राविषयींचे राजकीय वाद आमच्या लेखाचा विषय नव्हेत, हाताळणीपुरतें पाहावें. नांव, त्याच्याशेजारीं चिन्ह, त्याच्याशेजारीं निळें बटण: हा संनिधि. दाबतांच तांबडा दिवा व लांब शिट्टी: ही आकांक्षापूर्ति. पुढें जोडलेल्या यंत्रांत मताची चिठ्ठी कांचेआड सात सेकंद दिसते, म्हणजे 'गेलें कीं नाहीं' याचेंहि उत्तर मिळतें. पोडावरची म्हातारी व कॉलेजांतला प्राध्यापक, दोघेहि तेंच यंत्र कोणास न विचारतां वापरतात.

याच केंद्रांत प्रा. र. कृ. जोशी हे सुलेखनाचे आचार्य शिकवीत. संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या लाखों लोकांनीं त्यांनीं आंखलेला 'मंगल' हा टंक नांव ठाऊक नसतांहि वाचला आहे. देवनागरीस डोक्यावर रेघ, वर वेलांटी व रफार, खालीं उकार आणि मध्यें जोडाक्षर. रोमन अक्षरांच्या मापानें ठेवलेल्या ओळींत तिचा जीव गुदमरतो. मात्रा कापली गेली कीं अर्थ कापला जातो. आमच्या वडिलांच्या कागदांत मोडी व बाळबोध दोन्ही आहेत. मोडींत हात न उचलतां झरझर लिहितां येई. पण ऱ्हस्वदीर्घाचा भेद तींत राहत नसे व दुसऱ्याचें मोडी वाचतांना डोकें खाजवावें लागे. मोडी लिहिणाऱ्याच्या सोयीची, बाळबोध वाचणाऱ्याच्या सोयीची. आजचीं कित्येक ॲपें आम्हांस मोडीसारखीं वाटतात. करणाऱ्याची सोय झाली, वापरणाऱ्यानें डोकें खाजवावें.

शब्दांच्या बाबतींत मात्र आम्हांस स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. संस्कृताच्या प्रेमामुळें 'प्रविष्ट करा', 'प्रमाणीकरण' असले शब्द पडद्यावर पाहून आमचें मन प्रसन्न होत असे. सूनबाईंनीं काकूंस विचारलें, "प्रविष्ट करा म्हणजे काय?" काकू म्हणाल्या, "देवळांत जा." 'सबमिट करा' यानेंहि त्यांस कांहीं बोध झाला नाहीं. 'पाठवा' म्हणतांच समजलें. शुद्ध शब्द व परका शब्द यांच्या भांडणांत घरांतला शब्द उभाच राहतो, हें आमच्यासारख्या मास्तरानें या वयांत शिकावें हेंहि योग्यच.

आतांपर्यंत अजाणतां होणारे दोष सांगितले. कांहीं दोष जाणूनबुजून केलेले असतात, आणि प्रत्येक कुटुंबानें त्यांपासून सावध असावें. 'नको' हें बटण फिकट व बारीक, 'घेतों' हें भलें मोठें. खरेदीच्या यादींत न मागितलेली वस्तु गुपचूप येऊन बसलेली. 'शेवटचीं दोन मिनिटें' असा खोटा धाक. वर्गणी सुरूं करणें एका बोटाचें काम, बंद करणें दहा पानांचें. नकार देणाऱ्यास लाजविणारी भाषा. हॅरी ब्रिग्नल यांनीं २०१० सालीं या कपटास 'डार्क पॅटर्न' हें नांव दिलें. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं मार्गदर्शक तत्त्वें जाहीर करून अशा १३ प्रकारांस मनाई केली आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक १९१५ आहे. ज्या विद्येनें वाट सोपी करावयाची तिचाच उपयोग सापळा सोपा करण्याकडे होतो. म्हणून ही विद्या जितकी कौशल्याची तितकीच सदाचाराची आहे.

चांगली मांडणी कशी साधते, असें आम्हीं विचारलें. सूनबाईंनीं उत्तर न देतां आमच्यावरच प्रयोग केला. एक अर्धवट तयार पडदा हातांत दिला, "यांतून अमुक काम करा" म्हणून सांगितलें आणि स्वतः मागें गप्प बसल्या. आम्ही कोठें थांबलों, कोठें चुकलों, काय पुटपुटलों, तें वहींत टिपीत गेल्या. मदत केली नाहीं व हंसल्याहि नाहींत. मागाहून म्हणाल्या, "तुम्ही तीनदां जेथें अडलांत तें बटण आम्ही बदलूं." याकोब नील्सन नांवाचे या शास्त्राचे आचार्य सांगतात कीं अशा पांच माणसांवर पाहणी केली तरी मोठे दोष बहुतेक उघडे पडतात. आम्ही वर्गांत मुलें नापास झालीं कीं मुलांस बोल लावीत असूं. सर्व मुलें एकाच उदाहरणांत चुकलीं तर उदाहरण तपासावें, हें आमच्या ध्यानांत फार उशिरा आलें होतें. सूनबाईंच्या धंद्यांत तो पहिलाच धडा आहे.

घरोघरच्या वाचकांस एवढेंच सांगणें आहे. वडील माणसाच्या मोबाईलमध्यें अक्षरें मोठीं करून द्यावीं व भाषा मराठी ठेवावी. पहिल्या पानावर त्यांच्या कामाचीं तीनचार चित्रें ठेवून बाकीचीं काढावीं. त्यांच्या हातांतून यंत्र ओढून "द्या, मी करतो" असें म्हणूं नये. शेजारीं बसावें व बोट त्यांचेंच राहूं द्यावें. गुप्त आंकडे त्यांचे त्यांनाच ठाऊक असावे. कारण ते घरांत सर्वांस सांगण्याची संवय लागली कीं एके दिवशीं परक्या आवाजासहि ते सांगितले जातात. आणि ते चुकले तर आधीं पडदा पाहावा, मग माणूस.

जाण्यापूर्वीं सूनबाईंनीं एक दुपार काकूंसाठीं दिली. अक्षरें मोठीं केलीं, पानावर बँकेचें एकच चित्र ठेवलें आणि काकूंच्या हातानें त्यांच्या वहींत पांच ओळी लिहून घेतल्या: काय उघडावें, काय भरावें, शेवटीं काय दिसलें म्हणजे काम झालें. मग नवे गुप्त आंकडे ठरविण्याची वेळ आली. काकूंनीं चष्मा पुसला व सर्वांस खोलीबाहेर जाण्यास सांगितलें. नातू, सून आणि आम्ही निमूटपणें ओसरीवर येऊन बसलों. बऱ्याच वेळानें दार उघडलें. काकू कांहीं बोलल्या नाहींत. पुढच्या आठवड्यांत कामवाल्या बाईंची मुलगी नवें दप्तर पाठीस लावून शाळेस जातांना दिसली. तें कोणीं घेऊन दिलें, हें आमच्या घरांत कोणीं विचारलें नाहीं.